नामानाची माती

शास्त्रवाचन : २ राजे, अध्याय ५, ओव्या १ ते १९, दानीएल, अध्याय १



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मालवणच्या दक्षिणेकडील एका लहानशा मंडळीत उपासनेसाठी जाण्याचा योग आम्हांस आला. उपासना आटोपून लोक आपापल्या घरी गेले, तरी एक वृद्ध बाई मागे रेंगाळत राहिली. तिचा धाकटा मुलगा तीन वर्षांपासून सौदी अरेबियात एका कारखान्यात नोकरीस आहे. पैसे वेळच्या वेळी येतात. घराची कौले उतरून स्लॅब पडला आहे. बहिणीचे लग्नही त्याच पैशांतून झाले. तथापि गेल्या नाताळात तो रजेवर आला, तेव्हा मंदिरात शेवटच्या बाकावर बसला आणि प्रभुभोजनाची वेळ येताच उठून बाहेर गेला. आईने विचारले तेव्हा म्हणाला की, एका खोलीत आम्ही आठ जण राहतो, मी ख्रिस्ती आहे हे त्यांपैकी कोणास ठाऊक नाही, कोणी विचारले तर मी बोलणे दुसरीकडे वळवितो. मग या मेजावर मी कोणत्या तोंडाने बसू? हे सांगून ती माउली आम्हांस म्हणाली, "पाद्रीसायब, माजो झील देवाचो ऱ्हवलो काय नाय?"

आम्ही तिला काय उत्तर दिले, हे लिहावयास संकोच वाटतो. बाई, प्रार्थना करा, देव सर्व बरे करील, असे सांगून आम्ही एसटी गाठली. ते उत्तर खोटे नव्हते. पण घाईचे होते, आणि घाईचे उत्तर दुःखिताच्या पदरात दगडासारखे पडते. परतीच्या वाटेवर कुडाळ येईपर्यंत आम्हांस दुसरे काही सुचले नाही. त्या बाईला जे त्या दिवशी सांगावयास हवे होते, ते आज तिला व तिच्यासारख्या इतर आईबापांना या स्तंभांतून सांगण्याचे योजिले आहे.

अरामाचा सेनापती नामान याची कथा आपल्या रविवारच्या शाळेतील पोरांनाही पाठ असते. कुष्ठ, यार्देन नदी, सात बुड्या, कोवळ्या बाळासारखी झालेली कातडी, येथवर आपण गोष्ट रंगवून सांगतो आणि थांबतो. पण कथा तेथे संपत नाही. बरा झालेला नामान अलीशाकडे परत येऊन दोन मागण्या करितो. पहिली अशी की, दोन खेचरांवर लादून नेता येईल इतकी या देशाची माती मला द्यावी, कारण यापुढे मी यहोवावाचून अन्य देवाला यज्ञ करणार नाही. दुसरी मागणी अधिक बिकट आहे. माझा धनी रिम्मोनाच्या देवळात पूजेस जातो, तेव्हा माझ्या हातावर टेकतो. तो वाकला म्हणजे मलाही वाकावे लागते. एवढ्या गोष्टीची परमेश्वराने मला क्षमा करावी. यावर अलीशा त्याला व्याख्यान देत नाही. शांतीने जा, इतकेच म्हणून निरोप देतो.

या उत्तराविषयी उपदेशकांत फार दिवसांपासून वाद आहे. कोणी म्हणतात, संदेष्ट्याने त्याला मोकळीक दिली. कोणी म्हणतात, मोकळीक दिली नाही, केवळ नव्या विश्वासूवर एकदम जड ओझे घातले नाही. आम्ही दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. परंतु आज आम्हांस दाखवावयाचे आहे ते निराळेच. रिम्मोनाच्या देवळातली अडचण नामानाने लपविली नाही. ती घडण्यापूर्वीच त्याने ती देवाच्या माणसापुढे उघड केली. त्याला आपली लाज सांगावयास एक अलीशा होता. आता त्या खोलीतल्या आठ जणांमधील आपल्या मुलाचा विचार करा. त्याच्याही आयुष्यात रिम्मोनाचे देऊळ आहे. त्याला अलीशा मात्र नाही. तो मंडळीपासून उठून बाहेर गेला, कारण ही गोष्ट जेथे सांगावी असे ठिकाण त्याला मंडळीत दिसले नाही. हा दोष त्या मुलाचा किती आणि आमचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

त्याच कथेत एक मुलगी आहे. तिचे नाव शास्त्रात नाही. अरामी टोळ्यांनी तिला इस्राएलातून धरून नेले आणि ती नामानाच्या बायकोची दासी झाली. जिने आपला मुलूख लुटला त्या सेनेच्या मुख्याच्या घरात, ना मंदिर, ना शब्बाथ, ना आईबाप, अशा स्थितीत तिने आपला विश्वास कसा राखला असेल? तिच्यापाशी ग्रंथ नव्हता. शोमरोनात एक संदेष्टा आहे, एवढीच एक आठवण तिच्यापाशी होती. ती आठवण तिने शत्रूच्या भल्यासाठी उच्चारिली, आणि सेनापतीचे सारे घोडे व रथ त्या एका वाक्यामागून चालू लागले. तिने आपल्या घराण्याचा देव मोठ्याने गाजविला असे नाही, आणि तो विसरलीही नाही.

आता बाबेलकडे वळू. यहूदाच्या दरबारी घराण्यांतली चार मुले नबुखद्नेस्सराने नेली. त्यांची नावे बदलली. दानीएलाचा बेलटशस्सर झाला, आणि त्या नावात बाबेलच्या दैवताचा उल्लेख आहे. खास्द्यांची भाषा व विद्या तीन वर्षे शिकविण्यात आली. राजवाड्यातली नोकरी लागली. या कशालाही त्यांनी विरोध केल्याचे लिहिलेले नाही. एकच गोष्ट त्यांनी नाकारिली : राजाच्या ताटातले अन्न व द्राक्षारस. तीही तंटा करून नव्हे. दानीएलाने खोजांच्या सरदाराला विनंती केली, मग कारभाऱ्याला दहा दिवसांची परीक्षा करून पाहण्यास सांगितले, आणि शाकभाजी व पाणी यांवर राहिले. दुसरे असे की, चौघे होते. राजाच्या स्वप्नाचा पेच पडला तेव्हा दानीएल घरी गेला व आपल्या तिघा मित्रांना प्रार्थना करावयास सांगितले, हे दुसऱ्या अध्यायात आहे. एकट्याने सिंहाच्या गुहेत जाण्याची कथा पुष्कळ वर्षांनंतरची आहे, हे आपण विसरतो आणि घरून प्रथमच निघालेल्या अठरा वर्षांच्या पोराला पहिल्याच दिवशी गुहेची गोष्ट सांगतो.

शिवाय दानीएलाच्या उघड्या खिडकीशेजारी शास्त्राने एस्तेरही ठेविली आहे. मर्दखयाच्या सांगण्यावरून तिने शूशनच्या राजवाड्यात आपली जात व आपले कुळ कळू दिले नाही. आणि बोलण्याची वेळ आली तेव्हा जिवावर उदार होऊन बोलली. मौन आणि नाकारणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पेत्राने शपथ वाहून नाकारिले. आपल्या मुलाने बोलणे वळविले. दोन्हींत अंतर आहे, तरी वळविता वळविता माणूस उतरणीला लागतो हेही खरे. आणि आई रडली ती त्या उतरणीसाठी.

ज्यांना हे सर्व फार दूरच्या काळचे वाटत असेल, त्यांनी आपल्या कोकणचीच एक गोष्ट ऐकावी. अलिबागजवळ नवगाव म्हणून गाव आहे. तेथे समुद्रकाठी एक जुनी दफनभूमी आहे. बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी आहे की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत त्या किनाऱ्यावर फुटले; सात पुरुष व सात स्त्रिया तेवढी वाचली; आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. हे केव्हा घडले याविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु पुढील गोष्टी निर्विवाद आहेत. ते कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, खेड्यापाड्यांत पसरले; तेलाचे घाणे चालवू लागले; मराठी बोलू लागले; रोहेकर, पेणकर, केहीमकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावे घेतली; पुरुषांची नावे समाजी, हसाजी अशी इतरांसारखीच झाली. ग्रंथ गेले, भाषा गेली, याजक गेले. मग उरले काय? शनिवारी घाणा बंद. गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले, ते यामुळेच. आठव्या दिवशी मुलाची सुंता. निषिद्ध अन्न वर्ज्य. वर्षातून एक दिवस दारे लावून घेऊन केलेला उपवास. आणि परमेश्वर एकच आहे अशी साक्ष देणारे अनुवाद ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातले मूळ इब्री वाक्य, जे ते जन्मात, लग्नात, मरणात, प्रत्येक प्रसंगी म्हणत असत.

वाचकहो, हिशेब पाहा. नावे सोडली, पेहराव सोडला, भाषा सोडली. एक दिवस, एक खूण, एक वाक्य धरून ठेविले. पुढे कोचीनचे यहूदी शिक्षक आले, मुंबईत सामुएल यहेजकेल दिवेकर यांनी १७९६ साली त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधिले, आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकन व स्कॉच मिशनऱ्यांच्या शाळांतून त्यांना मराठी शास्त्र व इब्री व्याकरण मिळाले, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली त्यांच्यासाठी मराठीतून इब्री व्याकरण लिहिले होते. मिशनऱ्यांनी दिलेल्या त्या पुस्तकांनी ते बहुधा ख्रिस्ती झाले नाहीत, अधिक चांगले यहूदी झाले, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. आणि देवाच्या वचनाने कोणाचा विश्वास जागा झाला याचा आम्हांस विषाद वाटत नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. कोकणाने त्या लोकांना छळिले नाही. त्यांच्या प्रार्थनामंदिरांना येथे कोणी आग लाविली नाही. म्हणजे त्यांची कसोटी वैराची नव्हती, सलोख्याची होती. आणि सलोख्यात विरघळून जाणे कितीतरी सोपे असते. उलट १९४८ नंतर त्यांच्यापैकी पुष्कळ जण इस्राएल देशात गेले, तेव्हा आपल्याच धर्मबांधवांत त्यांच्याविषयी संशय घेण्यात आला. पुढे तेथील मुख्य रब्बींनी त्यांच्या विवाहसंबंधांत पूर्वजांची चौकशी करण्याचे नियम काढिले. या मराठी बोलणाऱ्या लोकांनी त्याविरुद्ध चळवळ केली, १९६४ साली जेरुसलेमेत धरणे धरिले, आणि तेथील संसदेने ते सर्वस्वी यहूदीच आहेत असा निर्वाळा दिल्यावर ते नियम बदलले. परक्यांत टिकलेल्या माणसाला घरी आल्यावर घरच्यांनीच परके लेखावे, याहून कडू घोट नाही. नाताळात शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाकडे आपण कसे पाहिले? त्याने किती रियाल आणले याची चौकशी किती जणांनी केली, आणि तू तेथे प्रार्थना कशी करितोस, असे किती जणांनी विचारले?

आता आपल्याच सिंधुदुर्गातले एक उलट उदाहरण देतो. वेंगुर्ल्यास डच लोकांची वखार आहे. तिच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. हे डच लोक १६३७ च्या सुमारास तेथे आले. ते आमच्याप्रमाणेच प्रॉटेस्टंट मताचे होते. जहाजे, तोफा, पैसा, दुभाषे, सर्व काही त्यांच्यापाशी होते. सतराव्या शतकाबरोबर त्यांचा तेथला बोलबाला ओसरला, आणि मागे भिंती राहिल्या. मंडळी राहिली नाही. वेंगुर्ल्याची आजची प्रॉटेस्टंट मंडळी त्यांची नव्हे. ती विसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या कामाचे फळ आहे, ज्या मिशनचे डॉ. गोहीन यांनी तेथे कित्येक वर्षे दवाखाना चालविला. घाणा थांबविणारे तेली टिकले आणि तोफा बाळगणारे व्यापारी गेले. त्या वखारीवरून जाताना आम्हांस दर खेपेस हे आठवते.

कोणी म्हणेल, आमची मुले परदेशी जातात म्हणून हा प्रश्न; आम्ही तर आपल्याच गावात राहतो. पण ज्या घरांत ख्रिस्ती विश्वास पहिल्यांदा आला, त्या घरांना परदेश म्हणजे काय हे उंबरठा न ओलांडता कळले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कोकणच्याच मातीतले. त्यांचा जन्म जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात करजगाव येथे झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्या दिवसापासून स्वतःचे घर त्यांना परमुलूख झाले. लक्ष्मीबाई सुमारे साडेचार वर्षे वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे, त्यांचे वेगळे पाणी चालूच होते, हे त्यांनीच 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात कसलाही आडपडदा न ठेविता लिहिले आहे. टिळकांनी त्यांच्यावर जुलूम केला नाही, आणि आपला विश्वासही सोडला नाही. राहुरीस असताना जातिभेद देवाने केलेला नव्हे असे लक्ष्मीबाईंच्याच मनाने घेतले, आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांविषयी आणखी एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. धर्म बदलल्यावर त्यांनी आपली भाषा, आपली ओवी, आपला अभंग टाकून दिला नाही. उलट तेच ख्रिस्ताच्या चरणी आणिले. त्यांच्या काळी कित्येक नव्या ख्रिस्त्यांस टोपी, पाटलोण व इंग्रजी नाव म्हणजेच ख्रिस्ती धर्म असे वाटे. तो एक भ्रम होता. टोपी वाऱ्याने उडते.

म्हणून उपदेशक बंधूंना आमची विनंती आहे की, जत्रेतले दशावतारी नाटक पाहावयास गेलेल्या पोराला आणि देवीच्या कौलासाठी नारळ ठेवणाऱ्या पोराला एकाच काठीने हाणू नका. बाबेलची भाषा शिकणे आणि बाबेलचे अन्न खाणे यांत दानीएलाने भेद केला. तो भेद कोठे करावा हे प्रत्येक गावात नव्याने शोधावे लागते, आणि ते बसून, ऐकून, प्रार्थना करून शोधावे लागते. सगळ्यालाच नको म्हणणारा माणूस शेवटी थकतो आणि सगळ्यालाच होय म्हणतो, असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

आखातात जाणाऱ्यांविषयी थोडी व्यवहाराची माहिती देणे जरूर आहे. सर्व अरबी मुलूख सारखे नाहीत. बहारीन, कुवेत, ओमान व दुबईकडील संयुक्त अमिरात येथे ख्रिस्ती उपासनामंदिरे आहेत. अमेरिकेतील रिफॉर्म्ड मंडळीच्या लोकांनी १८८९ साली सुरू केलेल्या अरबस्तान मिशनने तेथे दवाखाने व मंडळ्यांचा पाया घातला. लाहोरचे पहिले बिशप टॉमस फ्रेंच म्हातारपणी आपले पद सोडून मस्कतला गेले आणि १८९१ साली काही महिन्यांतच तेथे वारले; त्यांची कबर तेथेच आहे. या मुलखांत शुक्रवारी सुटी असल्यामुळे पुष्कळ मंडळ्यांची उपासना शुक्रवारी होत आली आहे. अमिरातीने २०२२ पासून शनिवार व रविवार ही सुटी केली आहे. याचे नवल वाटू देऊ नका. प्रभू वार पाहून भेटत नाही. सौदी अरेबियाची गोष्ट निराळी. तेथे ख्रिस्ती मंदिर नाही, आणि मुसलमानेतरांना उघड उपासनेची परवानगी नाही. तेथे गेलेल्या मुलाने कायदा मोडावा असे आम्ही सांगत नाही. बंदिवासातल्या लोकांना यिर्मयाने पत्र लिहून कळविले ते हेच की, तेथे घरे बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. त्या खोलीतले इतर सात जणही कोणाची तरी मुले आहेत, तेही आईला पैसे पाठवितात, त्यांपैकी कोणी पहाटे उठून आपल्या रीतीने नमाज पढतो. त्याला पाहून आपल्या मुलास लाज वाटली असेल तर ती लाज देवाकडूनच आलेली आहे. त्यांच्यासाठी अंथरुणात पडल्या पडल्या, ओठ न हलविता प्रार्थना करण्यास कोणत्याही राज्यात बंदी नाही.

पण त्यासाठी आतमध्ये काही असावे लागते. आपण मुलाच्या पेटीत काय काय भरितो? मालवणी मसाला, सोले, कुळथाचे पीठ, सुकट, जत्रेतले खाजे. हे सर्व प्रेमाने भरितो, आणि चार महिन्यांत संपते. नामानाने मात्र माती मागितली. ती माती जादूची होती असे नव्हे. परंतु परक्या देशात गुडघे टेकावयास त्याला हक्काची वीतभर जागा हवी होती. आमच्या मुलाला आम्ही बाप्तिस्म्याचा दाखला दिला, पासपोर्टासाठी शिफारस दिली, स्टँडवर निरोप दिला. चार स्तोत्रे त्याला तोंडपाठ आहेत काय, हे कोणी पाहिले नाही. पुस्तक जवळ बाळगण्याची भीती वाटेल अशा ठिकाणी तो निघाला होता. तेव्हा जे पाठ आहे तेवढेच त्याच्याबरोबर विमानात चढणार होते. बेने इस्राएलांजवळ एक वाक्य होते. त्याच्याजवळ किती होती?

ज्या मंडळीतून कोणी जहाजावर, आखातात किंवा मुंबईस जाणार असेल, तेथील पंतोजींनी निघण्यापूर्वी महिनाभर रोज संध्याकाळी त्याला घरी बोलवावे. तेविसावे, एकशेएकविसावे व एकशेएकोणचाळिसावे स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना पाठ करवून घ्यावी. आमची सूचना एवढीच आहे, अधिक झाल्यास उत्तम. मंडळीतल्या एका वडील माणसाने त्याच्याशी ठरवून घ्यावे की, तुला तेथे जे काही करावे लागेल, वाकावे लागेल, लपवावे लागेल, ते मला सांग. मी ते कोणास सांगणार नाही आणि तुझा धिक्कार करणार नाही. आणि तो रजेवर आला म्हणजे प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी जावे.

हे लिहून होण्यापूर्वी आम्ही त्या बाईकडे पुन्हा गेलो होतो. नामानाची सबंध गोष्ट तिला वाचून दाखविली. तिने मध्येच विचारले की, सौदीत आता किती वाजले असतील? आपल्या अडीच तास मागे, असे आम्ही सांगितले. आता ती रोज रात्री साडेदहा वाजता, म्हणजे तो आठ वाजता कामावरून खोलीवर येतो त्या वेळी, पडवीत बसून एकशेएकविसावे स्तोत्र म्हणते. तिला वाचता येत नाही. शेजारच्या मुलीकडून तिने ते पाठ करून घेतले आहे. फोनवर तिने मुलाला ही वेळ सांगितली. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही, असे ती म्हणाली, मग त्याने विचारले, "आवशी, पयली ओळ काय ती?"